बॅगेवर नाव कोणाचं

३ फेब्रुवारी

मने,

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस. दोन वाक्यं झाली की "ताई, नंतर करते" म्हणून ठेवून देतेस. म्हणून आता ईमेलवर पत्र लिहूनच सांगते, लिहिलेलं तरी मध्येच तोडता येणार नाही.

आधी आनंदाचं. तुझ्या नोकरीचा कागद आला, व्हिसा आला, मला अजून खरंच वाटत नाहीये. इतकी वर्षं इथे राहून माझ्या हक्काचं म्हणावं असं एक माणूस नव्हतं, आणि आता एकदम तीन येणार! मागची खोली मोकळी केलीय. शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत हलवलं. खिडकीखाली चिऊसाठी छोटा पलंग मांडलाय. मीच जोडला, एक स्क्रू उरला, तो कुठला ते काही कळेना. तेव्हा पोरीला त्यावर उड्या मारू देऊ नकोस.

आता कामाचं. परवा फोनवर मागून मेहुण्यांचा आवाज आला, "ताईंना विचार, माझी एअरसॉफ्ट आणली तर चालेल का?" तू "बघू" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला तो प्रकारच ठाऊक नव्हता. कचेरीत विचारलं तेव्हा कळलं की प्लास्टिकचे छर्रे मारणारी, हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी बंदूक. मोठी माणसं सुटीच्या दिवशी रानात नाहीतर बंद कारखान्यात लपाछपी खेळतात म्हणे तिने.

मने, इथे ती अजिबात आणायची नाही. माझं काम तुला माहीत आहे, कोर्टात आपल्याकडचा कोणी उभा राहिला की त्याचं बोलणं इकडच्या भाषेत सांगायचं आणि न्यायाधीशाचं त्याला आपल्या भाषेत. गेल्या वर्षी एक हॉटेलातला स्वयंपाकी आला होता. गाडीच्या मागच्या सीटवर असलंच प्लास्टिकचं पिस्तूल पडलेलं. रस्त्यावरच्या कोणीतरी पाहिलं, फोन केला. पोलीस आले ते खऱ्या बंदुका रोखूनच. भर रस्त्यात पालथं झोपवलं त्याला. कोर्टात तो सारखा म्हणत होता, "साहेब, खेळणं आहे हो." मी सारखी तेच सांगत होते. आणि न्यायाधीश प्रत्येक वेळी एवढंच विचारायचे, "समोरच्याला ते कळलं होतं का?"

इथला कायदा असा की खऱ्यासारखी दिसते ना, मग ती बंदूकच. आणायची तर आधी परवाना हवा, आणि परवाना फक्त नोंदणी झालेल्या क्लबच्या सभासदाला. नव्याने आलेल्या माणसाला तो मिळतच नाही. ज्यांना मिळतो त्यांनाही अर्ध्याहून जास्त भाग भडक रंगात रंगवावा लागतो आणि कुलपाच्या पेटीतून न्यावी लागते. विमानतळावर तुम्ही आपणहून, कोणी विचारायच्या आधी सांगितलंत, तर ती काढून घेतात, पावती देतात, सोडून देतात. लपवलेली सापडली तर मात्र सगळंच वेगळं.

तेव्हा मेहुण्यांना सांग, मित्राला देऊन टाका. इथे आल्यावर बुद्धिबळ खेळा माझ्याशी.

चिऊला पापा.

तुझी ताई

०

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. स्क्रूचं वाचून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हटलंस तरी चालेल, सामानाच्या धावपळीत सगळंच राहून जातं.

त्याला तू लिहिलेलं सांगितलं. त्याचं म्हणणं, खेळण्याला कोण कशाला विचारतंय, लोक उगाच घाबरवतात. त्याच्याकडे दोन आहेत, एक लांब आणि एक पिस्तूल. लांब तो विकणार आहे. पिस्तुलाचं अजून ठरत नाही. त्याची बांधकामाची साइट बंद पडून काम गेल्यापासून रविवारचा तो खेळ एवढाच त्याचा विरंगुळा आहे, त्यामुळे मी फार बोलत नाही. छर्रा लागला तर मुंगी चावल्यासारखं वाटतं, असं तो सगळ्यांना सांगतो. मुंगी नाही, गांधीलमाशी म्हणायला हवं. पण असो.

ताई, तू कोर्टात असतेस म्हणून विचारते. समजा, कोणी सांगितलं नाही आणि बॅगेत ते सापडलं, तर जबाबदार कोण धरतात? ज्याची वस्तू तो, की ज्याची बॅग तो? की सगळं कुटुंबच? माझा व्हिसा हॉस्पिटलने दिलाय आणि तो माझ्या व्हिसाच्या आधारावर येतोय, तर त्याचं काही झालं तर माझ्या नोकरीवर त्याचा परिणाम होतो का? आणि चिऊवर?

आपलं माहिती असावं म्हणून. तुझ्या त्या कचेरीत कोणाला तरी नीट विचारून सांग. घाई नाही, पण निघायच्या आधी कळलं तर बरं.

ऑपरेशन थिएटरमध्ये माझा निरोपाचा कार्यक्रम ठरतोय. मोठे डॉक्टर म्हणाले, "तू गेल्यावर माझ्या हातात वेळेवर कात्री कोण देणार?" मला भरून आलं.

तुझी,
मनी

०

२० फेब्रुवारी

मने,

किती तो सरळपणा तुझा! नवऱ्याला वाचवायला कायद्याचा कीस पाडतेयस. आईसारखीच आहेस, बाबांच्या चुका पदराखाली घालणारी.

कोर्टातल्या एका वकीलबाईंना विचारलं. नीट ऐक. विमानात देताना बॅगेला जी चिठ्ठी लावतात त्यावर ज्याचं नाव, तो जबाबदार. "मी भरली नाही", "मला माहीत नव्हतं" असं सगळेच म्हणतात, त्याला कोणी भीक घालत नाही. ते सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी. लपवलेली सापडली की चौकशी, व्हिसा रद्द, पहिल्या विमानाने परत, आणि पुढे बरीच वर्षं प्रवेश बंद. पण बाकीच्यांचे कागद स्वतंत्र असतील, तर त्यांना आत येता येतं. तुझे कागद तुझ्या नोकरीचे आहेत. चिऊ तुझ्या कागदावर आहे. तेव्हा त्याच्या बॅगेत सापडलं तर तो जाईल, तुम्ही दोघी नाही.

पण मुळात असला विचार कशाला? ते पिस्तूल कोणाला तरी देऊन टाकायला लाव. तुला जमत नसेल तर मी बोलते त्याच्याशी. मोठी मेहुणी आहे, माझं ऐकेल.

आणि काय गं, गांधीलमाशी कशी ठाऊक तुला? तूही खेळायला जातेस की काय त्या कारखान्यात? डोळे सांभाळ बाई, डोळ्याला लागलं तर काय घेशील! चष्मा लावतात ना?

तिकिटं कधीची काढताय ते कळव. मला रजा टाकावी लागेल.

तुझी ताई

०

१ मार्च

प्रिय ताई,

काळजी करू नकोस. त्याने दोन्ही विकायचं कबूल केलं आहे. खूप समजूतदारपणे घेतलं त्याने. मीच उगाच घाबरून तुला नको ते प्रश्न विचारले. आता हा विषय कृपा करून काढू नकोस, फोनवरही नाही आणि पत्रातही नाही. त्याला वाईट वाटतं.

तिकिटं एकोणीस मार्चची आहेत. आम्ही तिघेही आनंदात आहोत. त्याने सगळ्या बॅगांची जबाबदारी स्वतःवर घेतली आहे, त्यामुळे मला काही करावं लागत नाही.

तुझी,
मनी

०

४ मार्च

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपल्याला कधी स्वतंत्र पत्र लिहिलं नव्हतं, ते आज लिहितो आहे. आपण आमच्यासाठी एवढी धावपळ करता, कायदेकानून समजावून सांगता, याबद्दल मनापासून आभारी आहे. बॅगेवरच्या चिठ्ठीची माहिती तर फारच उपयोगी होती.

आपल्याला आश्चर्य वाटेल म्हणून सांगतो, मनीची सगळी पत्रं मीच आधी पाहतो. ती पासवर्ड विसरते, कामाने दमलेली असते, काय महत्त्वाचं आणि काय नाही हे तिला कळत नाही. तिने आपल्याला जे प्रश्न विचारले ते वाचून मला हसू आलं. माझी एवढी काळजी! मी तिला जवळ बसवून शांतपणे समजावलं. आता ती अगदी ठीक आहे.

मागच्या खोलीची लांबीरुंदी कळवाल का? आणि त्या खोलीला आतून कडी आहे का? मनीला आतून कडी लावायची सवय आहे आणि मला ते आवडत नाही. लहान मूल घरात असताना धोक्याचं असतं. असल्यास आम्ही येण्यापूर्वी काढून ठेवावी, ही विनंती.

बुद्धिबळ मला येत नाही, पण आपण शिकवलंत तर शिकेन.

आपला,
धाकटा मेहुणा

०

९ मार्च

ताई,

हे मी वॉर्डातल्या सिस्टरच्या पत्त्यावरून लिहितेय. उत्तर याच पत्त्यावर दे. माझ्या पत्त्यावर फक्त चिऊच्या पलंगाचं, हवापाण्याचं लिही. एक मार्चचं पत्र त्याने शेजारी बसून लिहून घेतलं होतं. तुला ते खरं वाटलं असणार, मला माहीत आहे. वाटावं असंच लिहायचं होतं.

मी कधी खेळायला गेले नाही त्या कारखान्यात. तो घरी खेळतो. साइट बंद पडल्यावर सुरुवात झाली, आधी बाथरूमच्या दारावर कागद चिकटवून नेम धरायचा. मग एकदा म्हणाला, "जरा हा कप धरून उभी राहा." कागदी कप. "विश्वास आहे ना माझ्यावर?" मी हसतच उभी राहिले. नेम चुकला नाही त्या दिवशी. नंतर चुकायला लागला, आणि चुकला की म्हणायचा, "तू हललीस." मग त्याला कप लागेनासा झाला. ड्यूटीवरून उशीर झाला की दारातच, पायाशी. माहेरी फोन लांबला की पाठीत. अंगावर बारीक गोल डाग असतात, ते दोन दिवसांत जातात. मीच नर्स, मला माहीत आहे किती दिवसांत जातात.

सासूबाईंना दाखवले. "खेळणं आहे गं, त्याने कोणी मेलंय का?" म्हणाल्या. पोलीस चौकीत गेले एकदा. तिथला माणूस चांगला होता, खुर्ची दिली बसायला, पण ऐकताना त्याला हसू आवरेना. म्हणाला, "बाई, प्लास्टिकचे छर्रे, यावर मी काय लिहून घेऊ?" ताई, तुझं पहिलं पत्र मी ड्यूटीवर वाचलं आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा कळलं की अशी एक जागा आहे जिथे तिला बंदूक म्हणतात.

म्हणून ते प्रश्न. त्याने पिस्तूल विकलेलं नाही, विकणारही नाही. मला ते पक्कं ठाऊक होतं. वाटलं, आणू दे त्याला. माझ्या तोंडून एक शब्द काढायचा नाही. तो तिथून मागे वळेल आणि आम्ही दोघी पुढे. एकटीने निघून जाता आलं असतं, तर कधीच निघाले असते. पण चिऊचा पासपोर्ट त्याच्याकडे असतो, आणि तिला तो माझ्याबरोबर कधीच एकटी सोडणार नाही.

चिऊला यातलं काही माहीत नाही. तेवढं मी सांभाळलंय. ती शाळेत असते किंवा झोपलेली असते, तेव्हाच होतं सगळं.

पण आता तुझं ते पत्र त्याने माझ्या आधी वाचलं. चिठ्ठीवर ज्याचं नाव तो जबाबदार. तेव्हापासून तो फार खुशीत आहे. बॅगा स्वतः भरतोय. मला जवळ येऊ देत नाही. माझ्या बॅगेत ठेवलं तर माझी नोकरी जाईल, व्हिसा जाईल, आणि आम्ही तिघं परत त्याच घरात. मग मी कुठे जाणार आहे पुन्हा?

काय करू सांग.

मनी

०

१० मार्च

मने,

रात्रीपासून फोन उचलला आणि ठेवला, असं किती वेळा केलं. तुझ्यावर रागावले, माझ्यावर रागावले, आता ते सगळं बाजूला ठेवते. आधी पुढचं बघू.

वकीलबाईंना सगळं सांगितलं. नाव न घेता. त्या म्हणाल्या, गप्प राहायचं हा बेत सोड. गप्प राहिलीस तर ज्याच्या बॅगेत निघेल तो अडकेल, आणि ती तुझीच असेल. विचारायच्या आधी तू स्वतः सांगायचंस. सांगणाऱ्याला कायदा वेगळं वागवतो, मग ती कोणाच्याही बॅगेत असो.

सामान घेतलं की दोन वाटा दिसतील. डावीकडे हिरवी पाटी, काही सांगायचं नसलेल्यांची. उजवीकडे लाल पाटी, तिथे टेबल आणि माणसं. तू लाल पाटीकडे जायचंस. तीन वाक्यं पाठ कर, मी इकडच्या भाषेतली आपल्या अक्षरांत खाली लिहून देते. "माझ्या सामानात बंदुकीसारखी वस्तू आहे." "कुठल्या बॅगेत आहे ते माहीत नाही, ती माझी नाही." "मला नवऱ्यापासून वेगळं बोलायचं आहे." तिसरं म्हटलंस की त्यांना दुभाषी बोलवावाच लागतो. मी नसेन, घरच्या माणसाला उभं करत नाहीत. मी बाहेर असेन, दरवाज्यासमोर.

घरात आरशासमोर म्हणू नकोस. लिफ्टमध्ये म्हण, हात धुताना म्हण.

खोलीला आतून कडी आहे. कालच दुसरी पण बसवली.

ताई

०

१८ मार्च

ताई,

सिस्टरच्या फोनवरून, घाईत. उद्या निघतोय. माझी बॅग त्यानेच भरली. वर माझे ड्यूटीचे पांढरे कपडे ठेवले, मला दाखवून. कुलूप त्याने लावलं, सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे आहेत. जेवताना म्हणाला, "तुझी बॅग जरा जड झालीय, पण तिथे ढकलगाड्या असतात." आणि हसला.

वाक्यं पाठ आहेत.

मनी

०

२६ मे

प्रिय ताई,

हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आता जरा बस्तान बसलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चिऊची शाळा दिसते. तुझ्याकडे दोन महिने होतो, आणि तू रोज काही ना काही निमित्त काढून विचारायचीस, आत नेमकं काय झालं. मी प्रत्येक वेळी पाणी प्यायला उठायचे. तोंडाने सांगता येत नाही. लिहून बघते, तुझीच पद्धत.

विमानात तो खूप छान वागला. चिऊला खिडकी दिली. एअरहोस्टेस म्हणाली, किती गोड कुटुंब आहे. खाली उतरल्यावर त्याने बॅगा ढकलगाडीवर रचल्या, गाडी माझ्या हातात दिली आणि चिऊचा हात स्वतः धरला. समोर त्या दोन पाट्या, तू लिहिलंस तशाच. तो चिऊला घेऊन सरळ हिरव्याकडे चालायला लागला, माझ्याकडे न बघता. मी येतेच आहे असं धरून.

मी लाल पाटीपाशी थांबले. टेबलामागे एक बाई होत्या, बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा. मी तोंड उघडलं आणि ताई, सगळं पुसलं गेलं. एक अक्षर आठवेना. चिऊ त्याच्याबरोबर त्या दारापर्यंत पोचली होती. दाराच्या पलीकडे गेली असती, तर मग काय होतं? मला एकच तुकडा आठवला, दुसऱ्या वाक्याच्या शेवटचा. "ती माझी नाही." मी तेवढंच म्हणाले, आणि बघत होते चिऊकडे. दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा ओरडूनच.

त्या बाईंनी माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं. त्यांना वाटलं, ही मुलगी यांची नाही, कोणीतरी पळवून आणलीय. त्या खुर्चीतून उठल्याच. शिट्टी वाजली, दारातल्या माणसाने हात आडवा घातला. अशी चिऊ थांबली. तुझ्या वाक्याने नाही, त्याच्या मोडक्या तुकड्याने.

मग बाकीची वाक्यं आठवली. भराभर सगळी म्हणाले, उलटसुलट. त्यांनी फोनवर दुभाषी घेतली, तुझ्यासारखीच कोणीतरी, आवाज वयस्कर होता. बॅगा टेबलावर मांडल्या. तो हसतमुख होता. त्यांना म्हणाला, बायको पहिल्यांदाच विमानात बसली, घाबरलीय, आमच्याकडे तसलं काही नाही. ते त्यांनी लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. त्याने झोकात केली.

माझ्या बॅगेला कुलूप होतं. बाईंनी मला किल्ली मागितली. मी म्हटलं, माझ्याकडे नाही. त्या त्याच्याकडे वळल्या. त्याने खिशातून काढून दिली. तेव्हा पहिल्यांदा त्याचं हसू जरा आखडलं. माझ्या पांढऱ्या कपड्यांच्या घडीत ते होतं, बाह्यांमध्ये गुंडाळून. "माझं नाही, तिचंच असेल," तो म्हणाला. "खेळणं आहे हो, तिला हौस."

त्या बाईंनी हातमोजे घालून ते उचललं आणि वर धरलं. आणि चिऊने त्याचा हात सोडला. शांतपणे भिंतीपाशी गेली. तोंड भिंतीकडे केलं, दोन्ही तळवे भिंतीला टेकवले, पाय फाकवून उभी राहिली. तिला कोणीही काही सांगितलं नव्हतं. आणि तशीच, मान न वळवता म्हणाली, "आई, मी हलत नाहीये."

मी तुला लिहिलं होतं की तिला यातलं काही माहीत नाही.

फोनमधून दुभाषीने विचारलं, मूल काय म्हणालं, मला नीट ऐकू आलं नाही. मीच सांगितलं. मग त्यांनी ते त्या भाषेत सांगितलं, आणि त्या चष्मेवाल्या बाईंनी पिस्तूल खाली ठेवलं, त्यावर एक कागद टाकला, आणि जाऊन चिऊच्या शेजारी खाली फरशीवर बसल्या. नुसत्याच बसल्या.

त्याला दुसऱ्या खोलीत नेलं. जाताना मला म्हणाला, "मने, वेडेपणा करू नकोस. घरी गेल्यावर बोलू." अगदी हळू, नेहमीसारखं. पुढचं तुला माहीत आहे, त्याला पहिल्या विमानाने परत पाठवलं आणि आम्ही दोघी बाहेर आलो. तू दारासमोर उभी होतीस.

तुझी,
मनी

०

११ जून

मने,

तुझं पत्र वाचलं. कोर्टात इतक्या बायकांचं बोलणं मी न अडखळता सांगितलंय. त्या फोनवरच्या बाईच्या जागी मी असते तर मला नसतं जमलं.

पण दुसरं एक सांगणं भाग आहे. काल त्याचं पत्र आलं मला. तसंच, आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. लिहितो, गैरसमज झाला. तिकडच्या कायद्यात ते खेळणंच आहे, त्यामुळे तिकडे त्याच्यावर काही गुन्हा नाही, असं वकिलांनी सांगितलंय. आणि त्याने तिकडच्या कोर्टात अर्ज केलाय. तू ते पिस्तूल स्वतः बॅगेत ठेवून त्याला अडकवलंस, आणि मुलीला फसवून परदेशी नेलंस. चिऊ त्याला हवी आहे. त्याने चिऊची खोली रंगवायला घेतलीय, तिला कुठला रंग आवडेल असं विचारलंय.

तुझा पत्ता मागितलाय. मी दिलेला नाही, देणारही नाही. पण कोर्टाची नोटीस तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर येईल, ते त्याला माहीतच आहे. वकीलबाई म्हणतात, घाबरू नकोस, विमानतळावरचे सगळे कागद आपल्याकडे आहेत, किल्लीचं, सहीचं सगळं लिहिलेलं आहे. त्यांची प्रत मागवलीय. तू एकटीने काही ठरवू नकोस. आणि वॉर्डात सगळ्यांना सांगून ठेव.

ताई

०

३ जुलै

प्रिय ताई,

नोटीस आली. "समक्ष हजर राहावे" असं लिहिलंय. वकीलबाईंनी इथूनच व्हिडिओवर साक्ष देण्याची परवानगी मागितली होती, ती तिकडच्या कोर्टाने नाकारली. नाही गेले तर निकाल त्याच्या बाजूने एकतर्फी लागेल, आणि तो कागद घेऊन तो जगात कुठूनही चिऊला मागू शकेल.

वॉर्डात सांगितलं, शाळेत सांगितलं. चिऊला न्यायला मी किंवा तू, तिसरं कोणी आलं तर सोडायचं नाही. परवा वॉर्डात फोन आला होता. एक माणूस फार अदबीने विचारत होता, सिस्टरची ड्यूटी कधी असते, मी घरचाच आहे. तिथल्या पोरीने काही सांगितलं नाही. पण मला कळलं की तो शोधत बसलाय, सावकाश, न रागावता.

मी जाते, ताई. मला भीती वाटते, नाही वाटत असं तुला सांगणार नाही. तिकडच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरकडे उतरेन, त्या घराच्या रस्त्यालाही जाणार नाही. वकील तिथलेच मिळालेत. विमानतळावरच्या कागदांची प्रत माझ्याजवळ आहे, आणि त्या चष्मेवाल्या बाईंनी स्वतःच्या सहीने वेगळं निवेदन दिलंय, आपण मागितलं नसताना. तिकडे ते कोणी मानेल की नाही, हे वकीलही सांगू शकत नाहीत. तिथे ते अजून खेळणंच आहे.

चिऊला तुझ्याकडे सोडतेय, शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. तिने विचारलं, "तू बाबांकडे जातेस?" मी म्हटलं, कोर्टात जातेय, मावशी जाते तसल्या. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग तिथे जोरात बोल."

ती तुला रोज विचारेल, आई कधी येणार. तारीख सांगू नकोस, मलाच माहीत नाही. येणार, एवढंच सांग. आणि संध्याकाळी ती दारापाशी जाऊन उभी राहिली, तर तिला तिथून हलवू नकोस. तिच्याजवळ जाऊन खाली बस.

तुझी,
मनी